दाबाचा किलो, पौंड आणि पास्कल

शिरूर हें गांव घोडनदीच्या कांठीं आणि दौंड हें भीमेच्या कांठीं वसलेलें आहे. या दोन्ही तालुक्यांत नदीचें पाणी पंपानें उचलून उंचावरील शेतांत नेण्याची पद्धति रूढ आहे. त्यासाठीं प्लॅस्टिकचे पाइप घेण्यास शेतकरी दुकानांत गेला, कीं त्यास पहिला प्रश्न येतो, “चार किलोचा हवा, कीं सहा किलोचा?” येथें किलो म्हणजे पाइपाचें वजन नव्हे, पाइप आंतून किती दाब सोसूं शकेल, याचें तें माप आहे. इकडे पंपावरील गेजच्या तबकडीवर पुष्कळदां पौंडांचे आंकडे असतात, आणि नव्या पाइपावर मेगापास्कल हें तिसरेंच नांव छापलेलें आढळतें. हीं तीन मापें एकमेकांत बदलतां आलीं नाहींत, तर कष्टाच्या पैशानें घेतलेला पाइप पहिल्याच पाळीस फुटण्याचा संभव असतो.

दाब म्हणजे ठराविक क्षेत्रावर पडणारा भार. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक किलोग्रॅम वजनाचा भार पडला, कीं त्यास व्यवहारांत एक किलो दाब म्हणतात. हें पाण्यावरून सहज समजतें. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची उभी नळी दहा मीटरपर्यंत भरली, तर तींत बरोबर एक लिटर पाणी मावतें, आणि लिटरभर पाण्याचें वजन सुमारें एक किलोग्रॅम भरतें. म्हणून दहा मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट, उंचीच्या पाण्याचा तळाशीं एक किलो दाब येतो. पाइप किती लांब वा किती जाड आहे, यावर हा दाब अवलंबून नाहीं. पाणी उभें किती चढतें, एवढेंच पाहावयाचें.

परंतु वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, आणि ती सर्वत्र सारखी नसते. तिच्यामुळें पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदास विषुववृत्तावर सुमारें ९.७८ मीटरनें, तर ध्रुवांवर सुमारें ९.८३ मीटरनें वाढतो. म्हणजे तेंच लिटरभर पाणी ठिकाण बदललें कीं किंचित् कमीअधिक भार देतें. हा घोळ टाळण्यासाठीं १९०१ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ९.८०६६५ हा आंकडा प्रमाण म्हणून ठरवून दिला. पौंडाचें मापही याच जातीचें आहे. एका चौरस इंचावर एक पौंड वजनाचा भार, तो एक पौंड दाब.

पुढें पृथ्वीच्या ओढीवर मुळींच न विसंबणारें माप स्वीकारण्यांत आलें. एक किलोग्रॅम द्रव्याचा वेग दर सेकंदास एक मीटरनें वाढविणारा जोर, तो न्यूटन. आणि एक चौरस मीटरवर एक न्यूटन जोर, तो पास्कल. फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल यांच्या स्मरणार्थ हें नांव १९७१ सालीं मान्य झालें. पास्कल अगदीं लहान असतो; पाण्याच्या एक दशांश मिलिमीटर थराचा दाबही जवळजवळ तेवढाच भरतो. म्हणून हजार पास्कलांचा किलोपास्कल, एक लाखाचा बार आणि दहा लाखांचा मेगापास्कल अशीं मोठीं मापें वापरतात. किलोपास्कलांतील ‘किलो’ म्हणजे केवळ हजार. दुकानदाराच्या किलोशीं त्याची गल्लत करूं नये.

आतां रूपांतर पाहूं. एका चौरस मीटरांत १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. म्हणून एक किलो दाब म्हणजे १०,००० गुणिले ९.८०६६५, अर्थात् ९८,०६६.५ पास्कल, सुमारें ९८ किलोपास्कल किंवा ०.९८ बार. तोच दाब पौंडांत १४.२२ होतो.

समजा, नदीकांठच्या पंपापासून शेत १५० फूट उंच आहे. १५० ला ३३ नें भागिलें असतां सुमारें साडेचार किलो येतात. पौंडांत हा दाब ६४, आणि मेगापास्कलांत ०.४४ होईल. यावरून चार किलोचा पाइप येथें टिकणार नाहीं, हें उघड आहे. सहा किलोचा, म्हणजे ज्यावर ०.६ मेगापास्कल छापलें असेल तो, घ्यावा लागेल. वरचें अंतर चैनीचें नव्हे. पाइपांतील घर्षणानें पंपाजवळचा दाब वाढतो. वीज एकाएकीं गेली, म्हणजे चढतें पाणी मागें फिरून धडक देतें. आणि उन्हांत तापलेल्या प्लॅस्टिकची दाब सोसण्याची शक्ति उतरते. म्हणून पाइप जमिनींत पुरणें श्रेयस्कर.

दौंड जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांतही हाच हिशेब आहे. हवेच्या ब्रेकच्या मुख्य नळींत पांच किलो दाब राखतात. तो ७१ पौंड किंवा ४९० किलोपास्कल होतो.

भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें व मापें आलीं, आणि बाजारांतून शेर व पौंड गेले. तथापि मोटारीच्या चाकांत हवा भरतांना पौंड अद्याप बोलला जातो. चाकांतील ३२ पौंड म्हणजे अवघे सव्वादोन किलो. किलो आणि बार यांत शेंकडा दोनचाच फरक आहे. शेतीच्या कामांत तो सोडून दिला तरी चालेल. किलो आणि पौंड यांत मात्र चौदापटींचें अंतर आहे, आणि तेथें चूक झाली तर पाइप, चाक वा बॉयलर क्षमा करीत नाहीं. म्हणून गेजचा कांटा पाहण्यापूर्वीं तबकडीवर मापाचें नांव कोणतें आहे, तें आधीं वाचावें.