सीपीआरचे प्रशिक्षण पुन्हा केव्हा घ्यावे?

विहारात प्रथमोपचाराचे शिबिर झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली, फोटो निघाला, की पुष्कळांच्या मनातून तो विषय संपतो. पुढे एकच प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : हे प्रमाणपत्र किती वर्षे चालते? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. कागद किती वर्षे चालतो, हा एक. आणि शिकलेले हात किती महिने चालतात, हा दुसरा.

कागदाचे उत्तर सोपे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे प्रमाणपत्र २ वर्षांसाठी ग्राह्य असते. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचारकाचे प्रमाणपत्र ३ वर्षे चालते, तरीही दरवर्षी उजळणी करावी असे तेथील सरकारी यंत्रणा आग्रहाने सांगते. हातांचे उत्तर मात्र याहून कडक आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांची पुन्हा परीक्षा घेऊन ठिकठिकाणी जे अभ्यास झाले, त्यांतून असे दिसते की, ३ ते ६ महिन्यांतच हे कौशल्य लक्षणीय प्रमाणात ओसरते. म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्र ताजे असते आणि हात शिळे झालेले असतात.

हे का महत्त्वाचे आहे? हृदय बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो व ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. सीपीआर न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला फोन आधी करावयाचाच. परंतु गाडी कितीही तत्पर असली, तरी वस्तीच्या बोळातून वाट काढत स्ट्रेचर चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंतची मिनिटे शेजारपाजारच्या माणसांच्याच हाती असतात.

विसरले जाते ते काय, हेही पाहण्यासारखे आहे. "छाती दाबायची" एवढे सर्वांना आठवते. म्हणूनच आपल्याला सारे येते असा भास टिकून राहतो. निसटतो तो बारकावा. मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत. घाबरलेला माणूस एकतर फार भराभर दाबतो किंवा रेंगाळतो. प्रौढ माणसाची छाती ५ सेंटिमीटर, फार तर ६, खाली गेली पाहिजे. सराव नसलेला हात भीतीपोटी वरवर दाबतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, तर थकलेला माणूस तिच्यावर रेलून राहतो. दोन मिनिटांत माणूस थकतो आणि आपला दाब उथळ झाल्याचे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावयाचा असतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आचके. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ माणूस मधूनमधून श्वास ओढल्यासारखे करतो. तो श्वास नव्हे. परंतु उजळणी नसली, की जमलेली मंडळी "श्वास चालू आहे" म्हणून पाणी शिंपडत बसतात.

दुसरे कारण असे की, नियमही बदलतात. ज्यांनी १९९० च्या दशकात हे शिक्षण घेतले, त्यांना १५ दाब व २ श्वास असे शिकविले गेले. २००५ मध्ये ते प्रमाण ३० ला २ झाले. २०१० मध्ये क्रमच बदलला व आधी श्वासाऐवजी आधी दाब आले. २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची पद्धत मांडली गेली. तोंडाला तोंड लावण्याच्या संकोचामुळे जे मागे सरत, त्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. (लहान मुले व बुडालेली व्यक्ती यांना श्वासही द्यावा लागतो, ते प्रशिक्षकाकडूनच शिकावे.)

मग किती वेळा? आमचे मत असे : वर्षातून एकदा प्रशिक्षकासमोर पूर्ण उजळणी, आणि दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासाचा सराव. अमेरिकेत २०१५ पासून रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी असाच तिमाही, थोड्या वेळाचा सराव सुरू झाला आहे. आपल्याला त्यासाठी वेगळे वेळापत्रक आखण्याची गरज नाही. ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, १४ एप्रिल, आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा आरंभ आणि अशोक विजयादशमी, हे दिवस साधारण तीन-तीन महिन्यांच्याच अंतराने येतात. त्या त्या आठवड्याच्या रविवारी वंदनेनंतर सराव ठेवावा. त्रिसरण-पंचशील पाठ असूनही आपण दर वेळी म्हणतोच. येथे तर पाठांतर हातांचे आहे. विजयादशमीचा सराव झाला, की ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सेवेला जाणाऱ्या स्वयंसेवकांचा हातही ताजा राहतो.

मात्र यादीत दर वेळी तेच स्वयंसेवक नकोत. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरीच घडतात. त्या वेळी जवळ असते ती गृहिणी, सून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा. महिला मंडळाला शिबिरात चहापाण्याची जबाबदारी देऊन बाजूला बसविण्याची आपली सवय येथे महागात पडणारी आहे.

सरावासाठी पुतळा लागतो. नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार ओस्मुन लेरदाल यांनी १९६० मध्ये असा पुतळा प्रथम बाजारात आणला. आता तो भारतातही मिळतो. एका विभागातील चार-पाच विहारांनी मिळून एक घेतला तरी पुरे. पुतळा नसेल त्या वेळी घट्ट उशीवर हातांची ठेवण, ताठ कोपरे व ठेका यांचा सराव होऊ शकतो, खोलीचा मात्र नाही. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर सराव कधीही करू नये. मुले गमतीने करू पाहतात, त्यांना तेथेच थांबवावे. सराव झाल्यावर नाव व तारीख वहीत लिहावी, गैरहजर असलेल्यांना पुढच्या रविवारी बोलवावे, पुतळा स्पिरिटने पुसून ठेवावा आणि कपाटाची किल्ली किमान दोघांकडे असावी.