उतारवयाचा हिशेब : भाग ९
नॉमिनी आहे म्हणजे झालं?

मुदत ठेवींच्या व्याजावरच्या करकपातीबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर फोन आले. १५एच फॉर्मबद्दल सगळं विचारून झाल्यावर एक काकू फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “बाकी आमचं काही अडायचं नाही हो. फ्लॅट ह्यांच्या नावावर असला तरी नॉमिनी मीच आहे.” त्या ‘मीच आहे’मधला निर्धास्तपणा ऐकून आजचा विषय बदलला. आरोग्यविम्याचं नंतर बघू.

मी सहा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लोखंडी कपाटात नॉमिनेशनची फाइल असते. अर्ज तीन प्रतींत द्यायचा, कमिटीच्या सभेत त्याची नोंद व्हायची आणि एक प्रत सही-शिक्क्यानिशी सभासदाला परत मिळायची. पहिल्या अर्जाला फी नाही. पुढे नाव बदलायचं तर १०० रुपये. ती प्रत शेअर सर्टिफिकेटच्या प्लॅस्टिक पिशवीत गेली की घराची व्यवस्था लागली, असं बहुतेकांना वाटतं. व्यवस्था लागते, पण ती सोसायटीची.

सभासद गेला की सोसायटीपुढे साधा प्रश्न असतो : आता मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावे फाडायचं, सभेची नोटीस कुणाला द्यायची? याचं उत्तर म्हणजे नॉमिनी. घर कुणाचं, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर मृत्युपत्र देतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा.

हा घोळ पक्का व्हायला २०१६चा एक निकाल कारणीभूत झाला. पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीतल्या फ्लॅटला वडिलांनी विवाहित मुलीला नॉमिनी केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सोसायटीने शेअर तिच्याच नावे केले पाहिजेत. ‘नॉमिनीच मालक’ हा निरोप तेव्हापासून फिरतो आहे. त्याच निकालात इतर वारसांना आपला हक्क मागण्याची वाट मोकळी ठेवली होती, ते मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. महाराष्ट्रात तर २०१९ साली सहकार कायद्यात कलम १५४ब-१३ आलं आणि शंकेला जागा उरली नाही. नॉमिनीला सोसायटी फक्त ‘तात्पुरता सभासद’ करून घेते. खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला घर मिळालं तो सभासद होईपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं, भांडणार कोण? मग हे पाहा. माझ्याच कारकिर्दीतलं आहे, ओळख पटेल ते गाळलं आहे.

फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, बाजारभाव ८० लाख. नॉमिनी बायको. मृत्युपत्र नाही. नवरा अडुसष्टाव्या वर्षी अचानक गेला. मागे बायको, मुलगा, मुलगी आणि गावाकडे धाकट्या दिरापाशी राहणारी नव्वदीची सासू. हिंदू वारसा कायद्यात (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) पुरुष मृत्युपत्राविना गेला तर पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते. लोक नेमकं आईला विसरतात. चार वारस, प्रत्येकी वीस लाखांचा हिस्सा.

दोन वर्षांनी म्हातारी गेली. तिचंही मृत्युपत्र नव्हतं. कोण करणार होतं? तिचा पाव हिस्सा तिच्या चार मुलांच्या चार शाखांत गेला. हयात असलेले दोन मुलगे आणि एक मुलगी यांना पाच-पाच लाखांचा, आणि वारलेल्या मुलाच्या वाट्याचे पाच लाख त्याच्या मुलांना. सुनेला त्यातलं काही नाही. म्हणजे ज्या घरात वहिनींनी बत्तीस वर्षं गणपती बसवला, त्यातला पंधरा लाखांचा भाग आता दोन दीर आणि एका नणंदेचा.

कुणीही वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. वहिनींना गुडघ्यांमुळे तिसरा मजला झेपेना म्हणून फ्लॅट विकायला काढला, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बँकेने सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागितलं. थोरले दीर लगेच आले. नणंदबाई परदेशी मुलाकडे, त्यांचं कुलमुखत्यारपत्र यायला चार महिने. धाकटे मात्र म्हणाले, “आईला शेवटची अकरा वर्षं मी सांभाळलं.” यावर मी काय बोलणार? गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

बँक, शेअर, विमा यांचं थोडक्यात. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीही ठरवता येते. पण ते पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरतंच. शेअर आणि म्युच्युअल फंडांना नॉमिनी लावला तरी वारसांचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं. आयुर्विम्याचं तेवढं निराळं : २०१५च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर सर्वसाधारणपणे ती रक्कम त्यांचीच होते.

तेव्हा नॉमिनेशन करा, पण सोबत मृत्युपत्रही करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी घर असेल तर मी नोंदणी करून घ्या म्हणेन, खर्च फार नाही. तुमच्या सहीखाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

साक्षीदारांवरून आठवलं. आमच्या सकाळच्या कट्ट्यावरच्या एकाने हौसेने मृत्युपत्र केलं आणि कट्ट्यावरच्याच दोघांच्या सह्या घेतल्या. एकाचं वय एक्याऐंशी, दुसऱ्याची नुकतीच बायपास झालेली. पुढेमागे वाद झाला तर कोर्टात उभं राहून ‘सही माझ्यासमोर झाली’ म्हणणारं कुणी हवं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा कट्टाभर हशा पिकला. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कागद नव्याने केला. या खेपेला सह्या समोरच्या ब्लॉकमधल्या तिशीतल्या नवराबायकोच्या.

पुढच्या रविवारी : मृत्युपत्र कशाला, घर आजच मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकतो म्हणणाऱ्यांसाठी.