गोट्यांच्या रानातली वाइन

दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्यों शहराच्या थोडं वर, रोन नदीच्या डाव्या तीरावर शातोनफ-द्यू-पाप नावाचं गाव आहे. तिथल्या पठारावरच्या कित्येक द्राक्षबागांत माती दिसतच नाही. नुसते गोल, गुळगुळीत, तांबूस-पिवळे गोटे आणि त्यांतून वर आलेली बुटकी, वाकड्या खोडांची झाडं. तारा नाहीत, मांडव नाही. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारानं इथं कुदळसुद्धा मारली नसती. पण जगातल्या नावाजलेल्या रेड वाइनपैकी एक इथलीच!

हे गोटे क्वार्टझाइटचे. प्राचीन रोननं आल्प्सकडून ते वाहून आणले आणि आणता आणता घासून गोल केले. दिवसभर ते ऊन पितात आणि रात्री ती ऊब झाडांना परत देतात. खालच्या चिकणमातीतली ओलही तेच झाकून ठेवतात. इथली मुख्य द्राक्षं म्हणजे ग्रनाश. ती उशिरा पिकतात आणि उष्णतेवर पोसतात. मग इथल्या वाइनचं रहस्य गोट्यांतच, असं वाटू लागतं. पण याच हद्दीतल्या शातो रायासच्या बागा वाळूत आहेत, भोवती झाडी, गोट्यांचा पत्ता नाही. तरी तिथल्या निव्वळ ग्रनाशच्या वाइनसाठी शौकीन वाटेल ती किंमत मोजतात. तेव्हा गोट्यांची गोष्ट खरी असली तरी पुरी नाही.

तिचा दुसरा भाग आहे वारा. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून मिस्त्राल सुटतो तेव्हा चालणारा माणूस तिरका होतो. झाडं बुटकी राखायचं हेही एक कारण. पण हाच वारा पानांवरची ओल वाळवतो, त्यामुळे बुरशीचा उपद्रव कमी राहतो. अवकाळी पावसानंतर डाऊनी बुरशीच्या धास्तीनं रात्री फवारणीला निघणाऱ्या आपल्या बागायतदारांना हा वारा उसना आणावासा वाटेल.

नावातला 'पाप' म्हणजे पोप. चौदाव्या शतकात पोपचं आसन रोमऐवजी आव्हिन्योंला होतं. तेव्हा जॉन बाविसावे यांनी इथं उन्हाळी किल्ला बांधला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं त्याचा उरलेला बुरूज सुरुंग लावून उडवला. आता उरल्या आहेत त्या एका बाजूच्या उंच भिंती.

मला मात्र पोपपेक्षा बॅरन ल रुआ यांचं जास्त कौतुक वाटतं. पहिल्या महायुद्धात हे वैमानिक होते, शिक्षणानं वकील. गावाच्या नावानं कुठलीही वाइन खपवली जाई, म्हणून शेतकरी त्यांच्याकडे गेले. १९२३ च्या सुमारास त्यांनी नियम बसवले: कोणत्या जाती लावायच्या, छाटणी कशी करायची, खराब घड निवडून टाकायचेच. आणि हद्द कोणती? तर जिथं थाइम आणि लव्हेंडर शेजारीशेजारी उगवतात, अशी हलकी, कोरडी जमीन. भारी जमीन बाद! १९३६ मध्ये फ्रान्समधल्या पहिल्या सरकारमान्य नामांकित वाइनींत इथल्या वाइनचा समावेश झाला. नियमांत तेरा जातींना परवानगी आहे. त्यांत पांढरी द्राक्षंही येतात आणि ती रेड वाइनमध्ये चालतात. आपल्या नाशिकमध्ये शिराझ म्हणून मुरलेलं सीरा त्या तेरांतलंच.

नियम करण्याची हौस या गावाला इतकी, की १९५४ मध्ये महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावावरून उडायला, उतरायला बंदी घालणारा हुकूम काढला. उतरलीच तर जप्त करायची. प्रसिद्धीची ती झकास युक्ती होती. हुकूम अजून मागे घेतलेला नाही.

वाइन कशी लागते? पिकलेल्या लाल फळांचा भरगच्च स्वाद, मागून मिरी आणि रानवनस्पतींचा वास. मद्यार्क किमान १२.५ टक्के हवा, पण हल्ली बाटलीवर सहसा १४ किंवा त्याहून जास्त आकडा दिसतो. जोडीला या भागाचं, म्हणजे प्रोव्हान्सचंच जेवण: रोझमेरी-थाइम लावून भाजलेलं कोकराचं मांस, वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेला बीफचा 'डोब', रानडुक्कर. मांसातल्या चरबीनं आणि प्रथिनांनी वाइनचा तुरटपणा मऊ होतो. मांस नको असेल तर वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची घातलेलं रातातुईही छान जमतं.

तांबड्या रश्श्याबरोबर मात्र ही बाटली उघडू नये. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, मग ना रश्श्याची चव कळते ना वाइनची. सुक्या खोबऱ्याचं, गरम मसाल्याचं, बेतानं तिखट घातलेलं सुकं मटण असेल तर अवश्य उघडा. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात ते थंड देशातल्या घरांसाठी. आपल्याकडे आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. १६ ते १८ अंशांना ती खरी खुलते.