टोमॅटोची स्वच्छ चकती

कांदा, लसूण आणि कंदमुळे ज्या स्वयंपाकघरात येत नाहीत, तेथे रश्श्याला दाटपणा आणि आंबटगोड चव देण्याचा मोठा भार टोमॅटोवर पडतो. शेव-टोमॅटोची भाजी, कच्च्या केळ्याची पावभाजी, दुकानावर जाणाऱ्या डब्यातले सँडविच, सगळीकडे तो असतोच. बहुबीज फळ म्हणून काही घरांत तो आजही वर्ज्य आहे. जेथे तो रोज चिरला जातो, तेथे मात्र तो चिरण्याच्या रीतीकडे फारसे कोणी पाहत नाही. फळीवर रस सांडतो, बिया ओघळतात, चकतीऐवजी लगदा हाती येतो आणि दोष दिला जातो टोमॅटोच्या पिकलेपणाला.

दोष बहुधा सुरीचा असतो. वांग्याच्याच कुळातले हे फळ. जुनी माणसे त्याला कुठे बेलवांगे, तर कुठे भेदरे म्हणत. त्याची साल पातळ असली तरी चिवट आणि मेणचट असते, आतल्या कप्प्यांत मात्र बियांभोवती नुसता बुळबुळीत गर. बोथट पाते सालीवर घसरते, मग आपण दाब वाढवतो, आणि साल कापली जाण्याआधीच आतला गर चिरडतो. घसरलेले तेच पाते कित्येकदा बोटावर येते. सूर्यास्तापूर्वी ताटे वाढण्याची घाई असते, तेव्हा तर हमखास.

आपल्या घरांत या चिरण्याला आणखी एक अर्थ आहे. भाजी चिरताना ती नीट पाहणे, आत जीव आहे का हे तपासणे, ही आपली जयणा. हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतात, तीच अळी टोमॅटोचे फळही पोखरते. तिचे छिद्र पुष्कळदा देठाजवळ असते. 2014 साली महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदली गेलेली टुटा नावाची परदेशी कीड तर इतकी बारीक की टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून देठाच्या हिरव्या पाकळ्यांखाली शिरते. म्हणून धुताना त्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि देठाभोवतीची जागा उजेडात निरखावी. छिद्र दिसले तर तेथे सुरी चालवू नये. शंका आलेले फळ बाजूला ठेवणेच बरे. छिद्र नसलेले फळ देठापासून थोडे दूर, आडवे कापावे. या एका कापात सगळे कप्पे चक्राच्या आऱ्यांप्रमाणे उघडे पडतात आणि आतले स्वच्छ दिसते. धारदार सुरीने कप्प्यांच्या भिंती अखंड राहतात, बोथट सुरीने झालेल्या लगद्यात पाहणार काय? दोरी ओढून चालवायच्या चॉपरमध्ये किंवा मिक्सरमध्ये अख्खा टोमॅटो टाकण्याची जी नवी सवय लागली आहे, ती मला याच कारणासाठी पटत नाही. यंत्र वापरायचे तर खुशाल वापरावे, पण फळ आधी हाताने उघडावे.

कधी कधी आत पांढरे, वळलेले धागे दिसतात आणि पाहणारी दचकते. ते किडे नव्हेत. फार दिवस ठेवलेल्या टोमॅटोत बियांना फुटलेले ते कोंब असतात. अंकुर वर्ज्य मानणाऱ्या घरांनी टोमॅटोचा साठा फार दिवस करू नये, हे ओघाने आलेच.

आता चिरण्याची रीत. टोमॅटो पुसून कोरडा करावा. फळी सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालावे. फळ आडवे ठेवून, धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवून घ्यावीत. सुरी खाली दाबू नये. पात्याची मागची बाजू सालीवर टेकवून ते लांबवर सरकवावे, वजन सुरीचेच पुरते. सँडविचसाठी चकती साधारण 5 मिलिमीटर जाड असावी. रश्श्यासाठी फोडी करायच्या असतील तर फळाचे दोन भाग करून कापलेली बाजू फळीवर ठेवावी, म्हणजे ते गडगडत नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेट भरून लांब जाणारे वाण जाड सालीचे व घट्ट असतात. ते नवशिक्या हातालाही साधतात. खरी परीक्षा पातळ सालीच्या, रसाळ गावरान टोमॅटोची.

त्यासाठी स्वस्तातली दातेरी सुरी उत्तम. तिचे दात चिवट साल पकडतात आणि दाबाची गरजच उरत नाही. सरळ पात्याच्या सुरीला मात्र दगडावर नियमित धार हवी. पाते 15 ते 20 अंशांच्या तिरकसपणाने धरून दोन्ही बाजूंनी सारखेच घासावे. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचे खरखरीत कडेही वेळ निभावून नेते. विळीवर बसणाऱ्या आजींनी मात्र टोमॅटो पात्यावर नुसता रेटू नये. पात्याच्या वळणावर तो वरून खाली सरकवत न्यावा. दोन्ही हात फळावर असल्यामुळे विळीवर ताबा चांगला राहतो, पण टोमॅटोच्या आम्लाने लोखंडी पाते काळे पडते, म्हणून काम होताच ते धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवावा.

पिकलेले फळ एक-दोन दिवसांत संपणार असेल तर ते फ्रिजबाहेरच ठेवावे. गारठ्याने त्याचा गर पिठूळ होतो आणि चवही उतरते. चिरलेल्या चकत्यांवर मीठ आधी घातले तर त्यांना पाणी सुटते आणि सुरीने राखलेला सगळा रस ताटात जातो. डब्यातल्या सँडविचमध्ये पावाला आधी लोणी लावावे, चकत्या कोरड्या फडक्यावर मिनिटभर ठेवून मग रचाव्यात, आणि मीठ वेगळ्या पुडीत द्यावे.