पैलवान झाला वस्ताद

पैलवान आणि वस्ताद यांत फरक काय? पैलवान स्वतः कुस्ती मारतो. वस्ताद दुसऱ्याकडून मारून घेतो. ऐकायला सोपे वाटते. पण तालमीत जाऊन बघा. ज्याने मोठमोठी मैदाने मारली, त्याला पोरे घडवता येतातच असे नाही. आम्ही शाळेत जन्म काढला. तिथेही हेच पाहिले. हुशार विद्यार्थी पुढे मास्तर झाला, की मंद पोरावर चिडतो. आपल्याला जे चटकन आले, ते याला का येत नाही, हेच त्याला उमगत नाही. ज्याला दोन्ही साधले, अशा एका पैलवानाची हकिगत आज वाचू.

हा माणूस अमेरिकेचा. नाव डॅन गेबल. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. काळी जमीन, मैलोन् मैल मक्याची शेते आणि डुकरे पाळण्याचा मोठा धंदा. आपल्या कोल्हापूरकडे जसा कुस्तीचा नाद, तसा तिकडेही आहे. तिथल्या वॉटर्लू गावी १९४८ साली डॅन जन्मला.

तिकडची कुस्ती मातीत नसते, गादीवर असते. तिच्यात गुण मोजतात. पट काढून गड्याला खाली घेतले की गुण. त्याची पाठ गादीकडे वळवली की गुण. दोन्ही खांदे टेकवले, तर कुस्ती तिथेच संपली, चितपट! ऑलिंपिकात कुस्तीच्या दोन तऱ्हा असतात. एकीत कमरेखाली धरायचे नाही. दुसरीत पाय धरता येतात. तिला फ्रीस्टाइल म्हणतात. आपले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आले, ते हिच्यातच. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत जी कुस्ती चालते, तिचे नियम थोडे निराळे. पण गुणांचा हिशेब तिथेही आहेच.

डॅन पंधरा वर्षांचा असताना घरावर घाला आला. १९६४ सालचा मे महिना होता. आईवडील आणि डॅन मासे धरायला बाहेरगावी गेले होते. थोरली बहीण मागे घरी होती. तिचा घरातच खून झाला. परतताना वाटेत डॅनने वडिलांना सांगितले, की शेजारचा एक पोरगा तिच्याविषयी वाईटसाईट बोलला होता. तोच खुनी निघाला. आईवडील खचले. घर विकून टाकावे, असे त्यांच्या मनात आले. तेव्हा डॅनने आपले बिऱ्हाड बहिणीच्या खोलीत हलवले. आता ही खोली माझी, म्हणाला. घर टिकले. आणि डॅन कुस्तीला असा भिडला, की विचारू नका.

शाळेत ६४ कुस्त्या लढला, ६४ मारल्या. मग कॉलेजात गेला. तिथेही हार माहीत नाही. शाळा-कॉलेज मिळून १८१ कुस्त्या ओळीने जिंकला. १९७० साली कॉलेजातली शेवटची कुस्ती आली. समोर लॅरी ओविंग्ज नावाचा गडी. डॅनशी गाठ पडावी म्हणून तो मुद्दाम वजन उतरवून खालच्या गटात आला होता. (उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवणे जिवाशी खेळ आहे. १९९७ साली अमेरिकेत तीन कॉलेजकुमार असे करताना मेले. मग तिथले नियम कडक झाले.) शेवटी शेवटी ओविंग्जने डाव साधला. १३ गुणांना ११. डॅन हरला.

डॅन चारचौघांत रडला. पण कुरकुर केली नाही. आपल्यात उणे काय, ते शोधू लागला. ती कुस्ती हरलो नसतो तर इतका तयार झालो नसतो, असे तो पुढे सांगत असे. १९७१ साली सोफियाला तो जगज्जेता झाला. १९७२ साली निवडीच्या वेळी त्याने ओविंग्जलाही हरवले. मग म्यूनिकचे ऑलिंपिक, ६८ किलोचा गट. गुडघा दुखावलेला, पहिल्याच कुस्तीत डोळ्यावर जखम होऊन टाके पडलेले. तरी सहा कुस्त्या लढला आणि एकाही गड्याला एकसुद्धा गुण दिला नाही. सुवर्णपदक त्याचे झाले.

इथून पुढे ते गेबल वस्ताद. आयोवा विद्यापीठात आधी हाताखाली राहिले, १९७६ साली मुख्य झाले. आता हे नीट समजून घ्या. कॉलेजच्या स्पर्धेत दहा वजनांचे दहा पैलवान असतात. सगळ्यांचे गुण एकत्र धरतात. एक वाघ असून भागत नाही, दहाही पोरे तयार लागतात. वस्तादांनी रोजचा सराव इतका कठीण ठेवला, की खरी कुस्ती त्यापुढे हलकी वाटावी. नुसते काठावर उभे राहून ते ओरडत नसत. स्वतः गादीवर उतरून पोरांशी जोड धरत. २१ वर्षांत १५ वेळा त्यांचे विद्यापीठ देशात पहिले आले. १९७८ ते १९८६ तर ओळीने नऊ वर्षे. मग चार वर्षे कोरडी गेली. १९९१ साली पुन्हा पहिले.

१९८४ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेने फ्रीस्टाइलची सात सुवर्णपदके मिळवली. तेव्हा वस्ताद हेच. रशियाचे पैलवान त्या खेपेला आले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण सातांपैकी तिघे गेबलांच्याच तालमीतले होते.

एवढ्या मेहनतीने शरीर झिजणारच. १९९७ साली खुब्याची शस्त्रक्रिया झाली. कुबड्या घेऊन ते पोरांना शिकवायला आले. त्या वर्षीही पहिला नंबर सोडला नाही. मग काम खाली ठेवले.

२०१३ साली ऑलिंपिकच्या कारभाऱ्यांनी २०२० पासून कुस्ती वगळावी असा घाट घातला. गेबल तेव्हा चौसष्ट वर्षांचे. देशोदेशीचे कुस्तीवाले उठले, त्यांत तेही पुढे होते. सप्टेंबरात निर्णय फिरला. ते ऑलिंपिक टोकियोला २०२१ साली भरले. तिथे आपल्या रवी दहियाने रौप्यपदक आणि बजरंग पुनियाने ब्राँझपदक आणले. दोघेही फ्रीस्टाइलचे.