सह्याद्रीतील सहल : नाणेघाट ते शिवनेरी

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीला स्थान असते. परंतु सहलीहून मुले काय घेऊन परततात, ह्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पहाटे निघावे, दिवसभरात पाच-सहा ठिकाणे पाहावीत आणि रात्री उशिरा परतावे, असा बेत बहुधा आखला जातो. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की बहुतेक वह्यांत गाडीतील गाणी, शिदोरी आणि ‘फार मजा आली’ हे वाक्य आढळते. ह्यात मुलांचा दोष नसतो. त्यांना स्थळे दाखविलेली असतात. स्थळ कसे पाहावे, हे दाखविलेले नसते.

डोंगराळ मुलखात हा तोटा अधिक जाणवतो. वर्गात भूगोलाचा तास वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. डोंगरात मात्र एकाच दगडावर दोन्ही विषय लिहिलेले असतात. कडा का तुटला, हे कळले की वाट तेथूनच का गेली, हे कळते. वाट कळली की बाजारपेठ, लेणी आणि किल्ला ह्यांचा उलगडा होतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. नाणेघाट, लेण्याद्री व शिवनेरी ही तीन स्थळे एकाच प्रश्नाच्या आधारे पाहता येतात. तो प्रश्न असा : ‘हे येथेच का?’

डोंगराची घडण

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून शिलारसाचे लोट बाहेर पडले आणि एकावर एक थंड होत गेले. त्यांपासून दख्खनचा काळा पाषाण बनला. सर्व थर सारखे नाहीत. काही घट्ट व कठीण आहेत. काहींत वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या व पुढे त्यांत पांढरे स्फटिक भरले. असे थर तुलनेने लवकर झिजतात. म्हणून सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात : कठीण थराचा उभा कडा, त्याखाली झिजलेल्या थराचा उतार व माची, पुन्हा कडा. गाडी घाटमाथ्याकडे जाऊ लागली म्हणजे समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मुलांना मोजावयास सांगाव्यात. पुढे जे जे पाहावयाचे आहे, त्याची किल्ली ह्या पायऱ्यांत आहे.

नाणेघाट

जुन्नरपासून पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर घाटघर गाव आहे. त्यापुढे पठार एकाएकी संपते आणि शेकडो मीटर खाली कोकण दिसते. अशा भिंतीतून चढ-उतार करावयाचा तर खिंडच हवी. नाणेघाट ही तशी खिंड आहे. तिच्या तोंडाशी उभे राहून पहिला पाठ पाण्याचा घ्यावा. पूर्वेकडे वाहणारे पाणी कुकडीला मिळते. कुकडी घोडेला, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळून ते बंगालच्या उपसागरात जाते. काही पावलांवर पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब मात्र अरबी समुद्राची वाट धरतो. नकाशातील ‘जलविभाजक’ हा शब्द मुलांना येथे पायांखाली सापडतो.

दुसरा पाठ वाटेचा. प्राचीन काळी सोपारा व कल्याण ह्या बंदरांत उतरलेला माल देशावर आणण्यासाठी ही वाट वापरात होती. सातवाहनांच्या राज्यात जुन्नर ही मोठी पेठ होती. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत, असे लोक सांगतात आणि घाटाच्या नावाचा संबंधही नाण्याशी जोडतात. शिक्षकाने ही लोकसमजूत म्हणूनच सांगावी आणि ‘ही गोष्ट खरी की नाही, हे ठरविण्यासाठी कोणता पुरावा हवा?’ असे विचारावे. ऐकीव गोष्ट आणि पुरावा ह्यांतील भेद प्राथमिक शाळेतील मुलालाही समजतो. मात्र तो कोणीतरी विचारावा लागतो.

पुरावा दूर नाही. माथ्याच्या किंचित खाली कोकणच्या बाजूस खडकात कोरलेली चौकोनी गुहा आहे. तिच्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जातो आणि सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील समजला जातो. प्रारंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल ह्यांना वंदन आहे. पुढे यज्ञांची नावे आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, नाणी ह्यांची मोजदाद आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी त्यातील अंकचिन्हांचा उलगडा केला.

गणिताच्या शिक्षकास हा लेख म्हणजे पर्वणी आहे. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. दहा, वीस, शंभर, हजार ह्यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य मात्र नाही. त्या पद्धतीने २४४ लिहावयाचे तर दोनशेचे चिन्ह, चाळिसाचे चिन्ह आणि चाराचे चिन्ह अशी तीन चिन्हे लिहावी लागत. आपल्या अंकलेखनात ४ हा एकच अंक जागा बदलून कधी चार, कधी चाळीस होतो. स्थानिक किमतीचा पाठ फळ्यावर दहा वेळा गिरवूनही जे उमगत नाही, ते ही दुसरी रीत पाहिल्यावर उमगू शकते.

लिपीचाही परिचय करून द्यावा. ब्राह्मी ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली एक रेघ. ‘म’ म्हणजे वर्तुळावर दोन शिंगे. ही दोन अक्षरे शाळेत फळ्यावर काढून मुलांच्या वहीत उतरवून घ्यावीत आणि गुहेत ती शोधावयास सांगावे. दोन हजार वर्षांपूर्वीचे एक अक्षर स्वतः ओळखल्याचा आनंद मूल सहसा विसरत नाही.

ह्याच गुहेत एक हानीही दाखवावी. मागील भिंतीवर सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या आठ प्रतिमा होत्या. नागनिका, राजा सातकर्णी अशी नावे वर कोरलेली आढळतात. प्रतिमा मात्र नष्ट झाल्या असून पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. भिंतींवरील लेखाचाही बराच भाग झिजला व तुटला आहे. जे गेले ते कोणत्याही उपायाने परत येणार नाही, हे मुलांना शांतपणे सांगावे. भिंतीवर नाव कोरू नये, अशी सूचना दारावरच्या फलकावर असते. ती पटते ती ह्या रिकाम्या भिंतीसमोर.

लेण्याद्री

घाटातून येणारा माल जुन्नरच्या पेठेत पोचे आणि त्यामागून दानही येई. जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे अनेक समूह आहेत. त्यांपैकी लेण्याद्रीस सुमारे ३० लेणी असून सुमारे ३०० पायऱ्या चढून तेथे जाता येते. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. हे अष्टविनायकांपैकी एक असल्याने भाविकांची येथे सतत वर्दळ असते. दर्शन घेतल्यानंतर मुलांना त्याच सभागृहाकडे भिक्षूंच्या निवासस्थानाच्या दृष्टीने पाहावयास लावावे. दोन्ही बाजूंस सात-सात आणि मागील बाजूस सहा, अशा वीस खोल्या त्यांनी स्वतः मोजाव्यात. एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. घराच्या छपराला तुळई व खांब लागतात, ते येथे का लागले नाहीत? छप्पर वर चढविलेले नाही, सबंध खडक आतून पोखरला आहे, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. येथे डोंगराच्या कठीण थराची पुन्हा आठवण द्यावी.

शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याने दान दिले, असा लेख त्यावर आहे. घाटाखालच्या बंदरगावचा दाता घाटावर येऊन लेणे खोदवितो, ही एका ओळीची नोंद नाणेघाटाच्या वाटेचा पुरावाच होय. जुन्नरच्या इतर लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याचा उल्लेख आहे. यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे समजले जाणारे परदेशी लोकही दात्यांत आहेत. इतिहास केवळ राजांनी घडविला नाही, त्यात वाण्यांचा, कारागिरांचा व परक्यांचाही वाटा आहे, हे ह्याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही.

शिवनेरी

जेथे वाट व पेठ, तेथे पहारा आलाच. घाटाच्या तोंडाशी जीवधन, मध्ये चावंड व हडसर आणि जुन्नरशेजारी शिवनेरी, असे किल्ले ह्या मुलखावर नजर ठेवून उभे आहेत. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे प्रत्येक मुलास पाठ असते. येथेही ‘हे येथेच का?’ असे विचारावे. काळ धामधुमीचा होता. आदल्याच वर्षी, १६२९ मध्ये, जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव ह्यांची निजामशाही दरबारात हत्या झाली होती. अशा वेळी जिजाबाईंना सुरक्षित जागा हवी होती. सात दरवाजे, भोवती तुटलेले कडे आणि वर खडकात कोरलेली गंगा-जमुनेसारखी पाण्याची टाकी, हे सर्व पाहिल्यावर शिवनेरीच का, ह्याचे उत्तर मुले स्वतः देतात.

ह्याच कड्यांची दुसरी बाजूही सांगावी. किल्ला पुढे मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला. परंतु आपले जन्मस्थान असलेला हा किल्ला त्यांच्या हयातीत त्यांना घेता आला नाही. ज्या कड्यांनी बालपणी त्यांचे रक्षण केले, तेच कडे पुढे आडवे आले. ही वस्तुस्थिती सांगितल्याने महाराजांचा मोठेपणा उणावत नाही. डोंगरी किल्ल्याचे बळ मात्र मुलांना खरोखर कळते. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत शिवनेरी आहे, हेही येथे सांगावे.

पूर्वतयारी व दक्षता

तिन्ही स्थळे एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. एक दिवस असेल तर नाणेघाट व लेण्याद्री पुरेत. शिवनेरीसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावरून कोसळणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने उलटे वर उडते. देखावा अपूर्व असला तरी वाटा निसरड्या असतात आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही. लहान मुलांची सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळातच न्यावी.

शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन यावे. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाबरोबर एक मोठी व्यक्ती ठेवावी. कड्याच्या कडेला मुलांनी उभे राहू नये. शिक्षकाने आखून दिलेल्या जागी बसूनच खाली पाहावे. लेणी व कडे ह्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. तेथे धूर, दगडफेक, आरडाओरडा व उग्र सुगंधी द्रव्ये पूर्ण वर्ज्य करावीत. टाक्यांचे पाणी पिऊ नये; पाणी, शिदोरी व प्रथमोपचाराची पेटी बरोबर घ्यावी. प्रत्येक गटास सुतळी, पट्टी, होकायंत्र व कोरी वही द्यावी. छायाचित्र काढण्याआधी मुलाने त्या वस्तूचे रेखाचित्र काढावे, असा नियम करावा. चित्र काढताना डोळा थांबतो.

घाटघरसारख्या गावांतील रहिवाशांना, विशेषतः महादेव कोळी समाजातील वडीलधाऱ्यांना, विनंती करून मुलांशी दोन शब्द बोलावयास लावावे. हिरडा कसा गोळा करतात, घाटाची वाट पूर्वी कोण वापरीत, पावसात कोणत्या बाजूने उतरू नये, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांच्यापाशी अधिक आहे.

परतल्यानंतर

सहलीचा खरा अर्धा भाग शाळेत पार पडतो. निबंधाऐवजी प्रत्येक मुलास एकच प्रश्न द्यावा : ‘तू पाहिलेली एक वस्तू तेथेच का होती?’ उत्तर पाच ओळींचे असले तरी चालेल. नंतर हाच प्रश्न आपल्या गावास लावावा. आपले गाव नदीच्या ह्याच काठावर का? जुनी विहीर येथेच का? वेशीवरचा वीरगळ कोणाचा? जुन्नरला न जाता आलेल्या शाळेलाही ही सहल करता येते. तिला गाडीभाडे लागत नाही.

वेशीवरचे वीरगळ, जुनी टाकी, शिलालेखांचे तुकडे ह्यांवर कोणी कपडे धुतो, कोणी रस्त्याच्या भरावात घालतो. ह्या सर्वांवर पहारेकरी नेमणे शासनास शक्य नाही. नाणेघाटाच्या रिकाम्या भिंतीसमोर क्षणभर थांबलेले मूल आपल्या गावचा दगड फुटू देणार नाही, एवढा विश्वास मात्र शिक्षकाला बाळगता येतो. आणि तो सार्थ ठरविणे त्याच्याच हाती आहे.