तारीख घातलेला कायदा

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी सरकारने आपल्याच नागरिकांवर किती पाळत ठेवली, कोणाच्या परवानगीने ठेवली आणि ती पुढे कोणी आवरली, या वीस वर्षांच्या हिशेबात विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन प्रतिनिधी जिम सेन्सेनब्रेनर यांचे नाव जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंना येते. 'पेट्रियट ॲक्ट' प्रतिनिधिगृहात त्यांनी मांडला. त्याच कायद्याच्या आडून चाललेली फोननोंदींची सरसकट वसुली थांबवणारा 'यूएसए फ्रीडम ॲक्ट'ही त्यांनीच मांडला. मधल्या काळात या गृहस्थांचे मतपरिवर्तन झाले असे सर्रास लिहिले गेले. ते पटण्यासारखे नाही. बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात सिनेटपुढे आरोप मांडणाऱ्यांपैकी एक, बेकायदा स्थलांतराविरुद्ध २००५ मध्ये अतिशय कडक विधेयक आणणारे, १९७८ पासून सलग निवडून येणारे हे प्रतिनिधी शेवटपर्यंत पुराणमतवादीच राहिले. सुरक्षेबाबतची त्यांची भूमिकाही फारशी हलली नाही. यंत्रणेला अधिकार द्यावेत, पण त्या अधिकारांना मुदत घालावी आणि मुदत भरत आली की जाब विचारावा, एवढीच ती होती. ती जिथे फळली आणि जिथे सपशेल फसली, त्या दोन्ही ठिकाणांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट ठळक होते. गुप्ततेच्या पडद्याआडची यंत्रणा जाब देते ती हातातला अधिकार जाण्याची भीती असेल तेव्हाच, आणि ती भीतीसुद्धा विचारणाऱ्याला नेमके काय विचारायचे हे ठाऊक असेल तरच चालते.

हल्ल्यानंतर सात आठवडेही उलटले नव्हते, तोच २६ ऑक्टोबर २००१ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पेट्रियट ॲक्टवर सही केली. प्रतिनिधिगृहात मतदान ३५७ विरुद्ध ६६, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १. तो विरोधी एक म्हणजे रस फाइनगोल्ड. तेही विस्कॉन्सिनचेच, पण डेमोक्रॅट. सेन्सेनब्रेनर तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीने आधी एक सौम्य मसुदा ३६ विरुद्ध ० अशा एकमताने मंजूर केला होता, त्यात पाळतीच्या वाढीव अधिकारांना दोनच वर्षांची मुदत होती. पुढे पक्षनेतृत्व आणि व्हाइट हाउस यांनी तो मसुदा बाजूला सारला, सिनेटच्या धर्तीवरचा दुसरा पुढे केला, आणि तीनशेहून अधिक पानांचा तो कायदा अनेकांनी न वाचताच मंजूर केला. तरीही त्या घाईगर्दीत एक गोष्ट वाचली. सोळा तरतुदींना ३१ डिसेंबर २००५ ही अंतिम तारीख चिकटली. अमेरिकेत याला 'सनसेट' म्हणतात. तारखेपर्यंत संसदेने पुन्हा हात वर केले नाहीत, तर तरतूद आपोआप मावळते.

या तारखेचा धाक किती, हे लवकरच दिसले. जून २००२ मध्ये सेन्सेनब्रेनर आणि समितीतील ज्येष्ठ डेमोक्रॅट जॉन कॉनियर्स यांनी ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांना पन्नास प्रश्नांचे पत्र धाडले. कोणता अधिकार किती वेळा वापरला, कोणाविरुद्ध, कोणत्या न्यायालयाच्या परवानगीने. न्याय खात्याने टाळाटाळ सुरू केली तेव्हा सेन्सेनब्रेनर यांनी समन्स काढण्याची जाहीर धमकी दिली. राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे आणि देश युद्धाच्या मनःस्थितीत, हे लक्षात घेतले की या धमकीचे वजन कळते. पुढच्या वर्षी सिनेटमधील रिपब्लिकनांनी सगळ्या मुदती काढून टाकायचा घाट घातला तेव्हाही ते आडवे आले. डिसेंबर २००५ मध्ये सिनेटने सहा महिन्यांची सरसकट मुदतवाढ दिली, ती त्यांनी पाच आठवड्यांवर आणली, घोंगडे भिजत पडू नये म्हणून. मे २००६ मध्ये एफबीआयने लाचखोरीच्या तपासात डेमोक्रॅट प्रतिनिधी विल्यम जेफरसन यांच्या संसदेतील कचेरीवर शनिवारी रात्री छापा घातला. जेफरसन यांच्या घरातल्या फ्रीझरमध्ये नव्वद हजार डॉलर सापडले होते, त्यामुळे त्यांची बाजू घेणे कोणालाच परवडणारे नव्हते. सेन्सेनब्रेनर यांनी मात्र कार्यपालिका संसदेच्या दारात अशी कशी शिरली, हा प्रश्न घेऊन सुनावणी लावली.

पण याच अध्यक्षांचे १० जून २००५ चे वर्तनही विसरता येत नाही. अल्पसंख्य पक्षाच्या हक्काने डेमोक्रॅटांनी याच कायद्यावर सुनावणी मागून घेतली होती. साक्षीदारांनी ग्वांटानामोच्या तुरुंगापासून इतर तक्रारींपर्यंत गाडी नेली, तेव्हा हे विषयाला सोडून आहे असे सुनावत सेन्सेनब्रेनर यांनी हातोडा आपटला, सभा संपल्याचे जाहीर केले आणि हातोडा घेऊन निघून गेले. मागे ध्वनिक्षेपक बंद पडले. डेमोक्रॅट सदस्य आणि साक्षीदार बंद ध्वनिक्षेपकांसमोर बोलत राहिले. प्रश्न विचारण्याचा हक्क संसदेचा आहे असे मानणारा माणूस तो हक्क विरोधकांना देताना हात आखडता घेतो, हे त्या सकाळी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर घडले. टीकाकार हाच प्रसंग पुढे करून त्यांच्या साऱ्या भूमिकेला दांभिक ठरवतात. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरता लागू पडत नाही. मुदतीची तरतूद अध्यक्षाच्या सौजन्यावर अवलंबून नसते, हाच तिचा गुण. अध्यक्ष तिरसट असो, पक्षपाती असो, तारीख यायची ती येतेच.

खरा घाव बसला तो २००६ मध्ये, आणि तो सेन्सेनब्रेनर यांच्याच हातून. ९ मार्चला सही झालेल्या फेरमंजुरीत सोळापैकी चौदा तरतुदी कायमच्या झाल्या. तारीख उरली दोनच तरतुदींना, त्यांत कलम २१५ होते. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात तर या दोघींनाही दहा वर्षे दिली होती, ती सिनेटच्या आग्रहाने चारवर आली. कलम २१५ खाली एफबीआयला गुप्त न्यायालयाच्या आदेशाने कोणत्याही संस्थेकडून नोंदी, कागदपत्रे, वस्तू मागवता येत. त्याला लगाम म्हणून नवी अट आली, की मागितलेली नोंद अधिकृत तपासाशी संबंधित आहे हे दाखवावे लागेल. सेन्सेनब्रेनर यांचा विश्वास या अटीवर होता. अडीच महिन्यांत, मे २००६ मध्ये, परकीय हेरगिरीविषयक गुप्त न्यायालयाने याच अटीचा अर्थ असा लावून दिला, की तपासाशी संबंधित असलेला एखादा क्रमांक सापडायचा असेल तर सगळ्यांच्याच फोनच्या नोंदी 'संबंधित' ठरतात. कुलूप म्हणून बसवलेली अट किल्ली म्हणून वापरली गेली. निकाल गुप्त, युक्तिवाद एकाच बाजूचा, आणि ज्यांनी अट लिहिली त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ता नाही.

इथे मुदतीच्या विरोधातला सर्वांत बळकट मुद्दा उभा राहतो. तारीख तर होती. मग २००९ अखेर, २०१० मध्ये, २०११ मध्ये ती आली आणि गेली कशी? खासदारांनी माना डोलावल्या आणि मुदतवाढ दिली. २६ मे २०११ रोजी मध्यरात्र जवळ आली तेव्हा बराक ओबामा जी-८ परिषदेसाठी फ्रान्समधील दोव्हील येथे होते. वॉशिंग्टनमधल्या ऑटोपेन यंत्राने त्यांची सही उमटवली आणि कायदा तगला. मुदतीचा संस्कार किती यांत्रिक होऊ शकतो, याचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. त्या मतदानात सेन्सेनब्रेनर मुदतवाढीच्याच बाजूने होते. त्याच आठवड्यात सिनेटर रॉन वायडेन आणि मार्क यूडल सिनेटमध्ये बजावत होते, की या कायद्याचा एक गुप्त अर्थ लावला गेला आहे आणि तो कळेल तेव्हा लोक संतापतील. याहून जास्त बोलण्याची त्यांना मुभा नव्हती. न्याय खात्याने सदस्यांना वाचण्यासाठी एक गोपनीय टिपण पाठवले होते, पण २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीने ते सर्व सदस्यांपुढे ठेवलेच नाही. गोपनीय बैठका होत, त्यांना सेन्सेनब्रेनर जात नसत. आत ऐकलेले बाहेर बोलता येणार नाही, म्हणजे तोंड बांधले जाईल, हा त्यांचा खुलासा. तो अर्धाच पटतो. अध्यक्षपदाचा इतका अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने कानावर हात ठेवून मुदतवाढ मंजूर करावी, ही चूक त्यांच्या खात्यावर राहतेच. पण यातून मुदत निरुपयोगी ठरत नाही. माहिती दडवली की मुदतीचा दात पडतो, इतकेच ठरते.

माहिती आली ती चोरवाटेने. जून २०१३ च्या पहिल्या आठवड्यात 'गार्डियन'ने गुप्तवार्ता यंत्रणेचा कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन याने फोडलेला, व्हेरायझन कंपनीला दिलेला गुप्त आदेश छापला. त्यानुसार देशांतर्गत सर्व कॉलच्या नोंदी, कोणी कोणाला कधी आणि किती वेळ फोन केला हे सगळे, रोजच्या रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे एनएसएकडे जात होते. सेन्सेनब्रेनर यांनी लगेच ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांना पत्र लिहिले, की कायदा लिहिणाऱ्यांचा असा हेतू कधीच नव्हता. १७ जुलैच्या सुनावणीत उपॲटर्नी जनरल जेम्स कोल समोर बसले असताना त्यांनी स्पष्ट सांगितले, की सरकारला आपले चुकले आहे हे उमगले नाही, तर कलम २१५ चे नूतनीकरण होणार नाही, तेवढी मते या सभागृहात नाहीत. दोन तपे सरकार बारीक तपासणाऱ्या एखाद्या उदारमतवाद्याने हेच म्हटले असते तर ती टीका ठरली असती. मुदत हातात धरलेल्या रिपब्लिकनाने म्हटले, म्हणून ती वस्तुस्थिती ठरली. आठवडाभरात, २४ जुलै रोजी, हा कार्यक्रम बंद करणारी दुरुस्ती २०५ विरुद्ध २१७ अशी पडली. सात जणांनी बाजू बदलली असती तर ती मंजूर झाली असती. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी मार्चमध्ये वायडेन यांच्या थेट प्रश्नाला, लाखो अमेरिकनांची माहिती आम्ही गोळा करत नाही, निदान जाणूनबुजून नाही, असे उत्तर दिले होते. सेन्सेनब्रेनर यांनी त्यांच्यावर खटला भरण्याची मागणी केली. खटला भरला गेला नाही.

सुरक्षेला धोका पोहोचेल, हा प्रतिवाद अर्थातच झाला. अधिकाऱ्यांनी पाळतीमुळे ५४ कट उधळल्याचा आकडा फिरवला. २३ जानेवारी २०१४ रोजी सरकारच्याच खासगीपणा व नागरी स्वातंत्र्य देखरेख मंडळाने अहवाल दिला. या फोननोंदींमुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाच्या निष्पत्तीत ठोस फरक पडला, असे एकही उदाहरण मंडळाला मिळाले नाही. जे एक प्रकरण त्यातल्या त्यात जवळ जात होते, ते सॅन डिएगोतील एका टॅक्सीचालकाने सोमालियातील अल-शबाबला सुमारे साडेआठ हजार डॉलर पाठवल्याचे होते, हल्ल्याच्या कटाचे नव्हे. मुदत संपली की चालू तपास वाऱ्यावर पडतो, हा दुसरा युक्तिवाद. तोही टिकत नाही, कारण अशा कायद्यांत आधी सुरू झालेले तपास पुढे चालू ठेवण्याची तजवीज असते. मराठी वाचकाला हे सांगायला अमेरिकेत जावे लागत नाही. आपला दहशतवादविरोधी कायदा 'टाडा' मे १९९५ मध्ये मुदतवाढीअभावी मावळला, पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालत राहिला आणि विशेष न्यायालयाचे निकाल २००६-०७ मध्ये लागले.

१ जून २०१५ ही पुढची तारीख होती आणि या वेळी सगळ्यांना ठाऊक होते की मतदान कशावर आहे. त्याआधी ७ मे रोजी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने हा कार्यक्रम कलम २१५ मध्ये बसतच नाही, असा निकाल दिला. जे सेन्सेनब्रेनर दोन वर्षे सांगत होते, तेच. १३ मे रोजी फ्रीडम ॲक्ट ३३८ विरुद्ध ८८ मतांनी प्रतिनिधिगृहातून बाहेर पडला. सिनेटचे नेते मिच मॅककॉनेल यांनी जुन्याच कायद्याला मुदतवाढ मिळवायची खटपट केली, ती फसली, तारीख उलटली, अधिकार दोन दिवस खरोखरच मावळला आणि २ जूनला सिनेटने ६७ विरुद्ध ३२ मतांनी नवा कायदा मान्य केला. नोंदी फोन कंपन्यांकडेच राहणार, सरकारने ठरावीक क्रमांक घेऊन न्यायालयामार्फत मागायच्या, आणि गुप्त न्यायालयाच्या महत्त्वाच्या निकालांचा अर्थ लोकांपर्यंत यायला हवा. वाटाघाटीत कायदा बराच पातळ झाला, ही डाव्यांची आणि स्वातंत्र्यवाद्यांची तक्रार खोटी नाही. २०१८ मध्ये अकराच लक्ष्ये आणि त्यातून ४३ कोटींवर नोंदी, असे आकडे सरकारनेच प्रसिद्ध केले. पण ते प्रसिद्ध झाले, हीच २००६ च्या तुलनेतली मजल. त्याच वर्षी तांत्रिक गोंधळामुळे एनएसएने तीन वर्षांच्या नोंदी पुसून टाकल्या आणि पुढच्या वर्षी तो कार्यक्रमच गुंडाळला.

शेवटची तारीख १५ मार्च २०२० ची. मध्यंतरी, डिसेंबर २०१९ मध्ये, न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी डोनाल्ड ट्रम्प यांचे निवडणूक सल्लागार राहिलेले कार्टर पेज यांच्यावरील पाळतीच्या अर्जांत सतरा गंभीर चुका दाखवल्या होत्या आणि रिपब्लिकन पक्षाला एकाएकी गुप्त न्यायालयाचा राग येऊ लागला होता. स्वतःच्या घरात शिरल्यावर पाळत टोचते, हे त्या पक्षाचे सत्य फारसे शोभादायक नव्हते. सेन्सेनब्रेनर यांचा संशय निदान त्याहून कितीतरी जुना होता. दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे मसुदे मंजूर केले, ट्रम्प यांनी नकाराधिकाराची धमकी दिली, प्रतिनिधिगृहाने अंतिम मतदान सोडून दिले आणि कलम २१५ ने बदललेली तरतूद १९९८ च्या आपल्या मूळ रूपात परतली. त्यात हॉटेले, गाड्या भाड्याने देणारे, साठवणुकीच्या जागा आणि प्रवासी वाहतूकदार एवढ्यांच्याच नोंदी मागवता येतात. सेन्सेनब्रेनर जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त झाले. २००६ मध्ये त्यांच्याच समितीने कायम केलेल्या चौदा तरतुदी त्या दिवशीही लागू होत्या, आणि त्यांच्यावर फेरमतदान घेण्याची कोणावर सक्ती नव्हती.